कर्णिक मॅडमनी मागे घेतलेला अहवाल

शालिनी कर्णिक मॅडमना मी पहिल्या भेटीत पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण गोडगोड खोटं लिहिलं तर मॅडम स्वतःच लाल पेन घेऊन बसतील. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. शारजातल्या एका दोन वर्षांच्या डिप्लोमा कॉलेजात मी रजिस्ट्रेशनच्या खिडकीमागे बसत असे. सेमिस्टरचा पहिला आठवडा, समोर ही गर्दी, आणि त्या गर्दीत सुती साडी नेसलेल्या एक बाई टोकन हातात धरून शांतपणे बसलेल्या. कुणाची तरी आई असेल, असं मी धरून चालले. नंबर आला तसं खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, "जो बच्चे इस सेमिस्टर में वापस नहीं आए, उनकी लिस्ट मिलेगी?"

"बच्चे का नाम बताइए," मी मान वर न करता म्हटलं.

"एकाचं नाही हो, सगळ्यांची नावं हवी आहेत," त्या एकदम मराठीत म्हणाल्या. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं 'फिलोमिना लोपीस' त्यांनी वाचलं होतं आणि त्यावरून वसई ओळखली होती. "मी गणिताची नवी शिक्षिका. कर्णिक."

मी धडपडून उभी राहिले. शिक्षकांना रांग नसे, त्यांच्यासाठी आतलं दार होतं. तसं मी सांगितलं तर म्हणाल्या, "बरंच झालं की. रांगेत बसले म्हणून तुम्ही मुलांना काय काय विचारता ते ऐकायला मिळालं." मला वाटलं, टोमणा मारताहेत. पुढे कळलं, मॅडम टोमणे मारत नाहीत. त्यांना खरंच ऐकायचं असतं.

ज्यांना आमचं कॉलेज माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी नुकतीच शाळा संपवलेली मुलं येत आणि संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं: दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट, गोदामातले क्लार्क, हॉटेलात काम करणारे, दिवसभर टायपिंग करून बोटं दुखणाऱ्या मुली. डिप्लोमा दोन वर्षांचा होता, पण दोन वर्षांनी तो हातात पडणारे थोडेच. पहिल्या सेमिस्टरला वर्ग गच्च भरलेला, दुसऱ्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. याचं कुणाला काही वाटत नसे. मॅडमना वाटलं. पूर्वी भारतात त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं होतं. कर्णिक साहेबांची नोकरी दूर रुवैसच्या रिफायनरीत, ते आठवड्यातून एकदा घरी येत, म्हणून मॅडमनी हे काम धरलेलं. सुरू केलेलं शिक्षण माणसं पुरं का करत नाहीत, हा प्रश्न त्यांनी प्राचार्यांपुढे इतक्या वेळा मांडला, की प्राचार्यांनी कंटाळून त्यांना झेरॉक्स मशीनशेजारी एक टेबल दिलं आणि त्याला 'संशोधन कक्ष' म्हणायची परवानगीही देऊन टाकली.

माझा कंप्युटर त्या टेबलापासून चार पावलांवर. त्यामुळे मी आपोआप त्यांची मदतनीस झाले. एकदा मी सहज म्हटलं, "मॅडम, ही घ्या यंदाच्या गळतीची यादी."

त्यांनी यादी घेतली नाही. "गळती नळाला लागते, फिलोमिना. ही माणसं आहेत. 'थांबलेले' म्हण. थांबलेला माणूस पुन्हा चालू लागतो."

तेव्हापासून मी 'थांबलेले' म्हणू लागले, आणि आज तीस वर्षांनीही म्हणते.

मॅडमच्या स्वभावातला जिव्हाळा सांगायचा तर माशांपासून सुरुवात करावी लागेल. त्या सीकेपी, मी वसईची ख्रिस्ती. दोघींचा एका बाबतीत कट्टर समज, की मासे फक्त आपल्याच घरी नीट करतात. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आमची जुंपायची. आखातातल्या हमूर माशाला चव नाही, एवढ्या एका गोष्टीवर एकमत. माझ्या धाकटीला कांजिण्या आल्या तेव्हा मॅडम रोज संध्याकाळी डबा घेऊन दाराशी येत, आत येत नसत, कारण त्यांना स्वतःला कांजिण्या झालेल्या नव्हत्या. दाराबाहेर उभ्या राहून माझ्या मुलीला गोष्ट सांगत. मुलगी आतून ओरडे, "आंटी, लाउडर!" आणि आमचा मजला आख्खा ती गोष्ट ऐके.

आता त्या अहवालाकडे येते. हा लेख मी लिहायला घेतला तोच त्याच्यासाठी.

दोन वर्षं खपून मॅडमनी तो तयार केला. कॉलेजच्या कंप्युटरमधली प्रत्येक थांबलेल्या विद्यार्थ्याची नोंद त्यांनी तपासली होती. निष्कर्ष असा, की संध्याकाळचे बहुतेक जण देश सोडून जातात. काम संपतं, व्हिसा संपतो, माणूस गावी परततो. यात कॉलेजचा दोष नाही आणि कॉलेजच्या हातात काही नाही. संचालक मंडळाला हे फारच आवडलं. दोष नाही म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? पण त्यांनी त्यातून पुढचा अर्थ काढला. ही माणसं उडूनच जाणार असतील तर संध्याकाळचे वर्ग चालवायचे कशाला? पुढच्या वर्षापासून फक्त सकाळ. महिन्याअखेरच्या सभेत अहवाल मांडायचा आणि वर्ग बंद करायचं ठरवायचं.

मॅडमना ते सोसेना. संध्याकाळच्या वर्गावर त्यांचा जीव होता. दिवसभर उभं राहून आलेला माणूस फळ्याकडे डोळे ताणून बघतो, त्याला शिकवण्यात वेगळाच आनंद आहे, असं त्या म्हणत. "माझ्याच हातानं हे दार बंद होणार," त्या एकदा म्हणाल्या. "पण आकडे म्हणतात ते मी बदलू कसे?"

सभेच्या आदल्या आठवड्यात त्या माझ्याशेजारी बसून यादी शेवटची तपासत होत्या. पट्टी एकेका ओळीखाली सरकत होती. एका ओळीवर ती थांबली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"फिलोमिना, तू देश कधी सोडलास?"

"काय मॅडम?"

"इथे लिहिलंय. लोपीस, फिलोमिना. कारण सात, देश सोडला. अगं, तू काल माझ्या डब्यातली कोलंबी खाल्लीस."

मला आधी हसू आलं. मग ते हसू कुठे गेलं कळलंच नाही आणि मी तिथेच, झेरॉक्स मशीनच्या घरघरीत, रडू लागले.

झालं होतं ते असं. कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना संध्याकाळच्या वर्गात शिकायची सवलत होती. वसईला माझं बी.कॉम. अर्ध्यावर राहिलं होतं, म्हणून मी मॅडम येण्याच्या आदल्याच वर्षी मोठ्या हौसेनं नाव घातलं आणि एका सेमिस्टरनंतर सोडलं. कुणी परतलं नाही की कंप्युटर कारणाचा आकडा मागे. तो भरल्याशिवाय पुढचं नाव उघडतच नसे. नापास, आजार, लग्न, नोकरी, प्रत्येकाला वेगळा आकडा, आणि प्रत्येक आकड्याला एक कागद जोडावा लागे: डॉक्टरचं पत्र, मालकाचं पत्र, विद्यार्थ्याची सही. जो माणूस यायचाच बंद झाला त्याची सही आणायची कुठून? एकट्या सात आकड्याला कागद लागत नसे. देश सोडून गेलेल्याकडून कोण कागद आणणार! म्हणून मी सात दाबत गेले. माझ्या आधीची मुलगी सात दाबायची, तिनंच मला शिकवलं. स्वतःच्या नावापुढेही मी बिनदिक्कत सात दाबला होता.

"किती जणांना असं पाठवलंस?" मॅडमनी विचारलं.

"जवळजवळ सगळ्यांना, मॅडम."

दोन वर्षांची मेहनत मी पाण्यात घातली होती. त्यांनी माझी तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती, नोकरीबरोबर माझा व्हिसा गेला असता. त्यांनी पट्टी खणात ठेवली. खण बंद केला. मग म्हणाल्या, "चल, चहा घेऊ."

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी जे विचारलं ते मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, माझ्या नवऱ्यानं, बेनेडिक्टनंसुद्धा नाही. "आणि तू का थांबलीस?"

मी सांगितलं. प्रत्येक सेमिस्टरला नाव घालताना नोकरी करणाऱ्याला मालकाची एन.ओ.सी. लागे. इथे राहिलेल्यांना या तीन अक्षरांचं वजन सांगायला नको. मालकाची हरकत नाही असं पत्र, ज्यावाचून आखातात पान हलत नाही. माझे मालक म्हणजे आमचे रजिस्ट्रार साहेबच, एक सुदानी गृहस्थ. माणूस मनानं चांगला, आवाज मात्र तोफेचा. पहिल्या वेळी त्यांनी सही केली आणि सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "फिलोमिना, यू केम हिअर टु वर्क ऑर टु स्टडी?" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या सेमिस्टरला पुन्हा त्यांच्यापुढे कागद धरायचं मला धाडस झालं नाही. एवढंच. नापास नाही, आजार नाही, काही नाही.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

सभेला फायली घेऊन मी दाराशी उभी होते, त्यामुळे पुढचं मी कानांनी ऐकलेलं आहे. मॅडम उठल्या आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, की माझा अहवाल चुकीचा आहे आणि तो मी मागे घेते. त्या म्हणाल्या, माहिती मी तपासली, पण ती भरली कशी जाते हे विचारलं नाही, आणि संशोधकाला ही चूक माफ नसते. एका संचालकांनी विचारलं, "खोट्या नोंदी केल्या कुणी?" मी फायली छातीशी घट्ट धरल्या.

"फॉर्मनं," मॅडम म्हणाल्या. "त्या खुर्चीवर तुम्ही बसलात तरी तुम्ही तेच भराल, असा तो फॉर्म आहे."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. एका परिषदेत त्यांना या अहवालावर निबंध वाचायचा होता, तिथे त्यांनी नकार कळवला. बाकीच्यांचा करार तीन वर्षांसाठी वाढला, त्यांचा एकेकाच वर्षासाठी. हे मला त्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्या विभागातून कळलं. त्यांनी मंडळाकडून एवढंच मागून घेतलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या. तोवर खरं कारण सापडलं नाही तर खुशाल वर्ग बंद करा.

मग आमचे शुक्रवार सुरू झाले. आखातात सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारचा मिस्साही शुक्रवारीच. मी चर्चमधून सुटेपर्यंत मॅडम गाडीत पेपर तपासत बसलेल्या असत. तिथून त्यांच्या घरी, थांबलेल्यांना एकेक करून फोन लावायला. कर्णिक साहेब आठवडाभर रुवैसला राहून आदल्या संध्याकाळी आलेले असायचे. बिचाऱ्यांना बायकोबरोबर मिळणारा एकुलता एक दिवस, पण ते स्वतः फोनचे नंबर फिरवून द्यायचे आणि मधूनमधून चहा आणायचे. "रिफायनरीत माझ्या हाताखाली माणसं आहेत," ते मला म्हणायचे, "इथे मी शिपाई आहे."

मॅडमचा प्रश्न ठरलेला असे. 'कॉलेज का सोडलंस' असं विचारायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. "का म्हटलं की माणूस बचाव करतो. त्याला विचार, शेवटच्या दिवशी काय झालं?"

देश सोडून गेलेली आमची माणसं फोन उचलत होती. दोन सिग्नल पलीकडून, शेजारच्या इमारतीतून, एक तर आमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून. यास्मिन नावाची मुलगी मला विसरता येत नाही. मूळची खेडची, पण शारजातच वाढलेली आणि एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट. मॅडमनी रेकॉर्डमधलं कारण सांगितलं तशी ती खळखळून हसली. "लेफ्ट द कंट्री? मिस, आय अ‍ॅम इन अल नहदा ओन्ली!"

आम्ही शारजातल्याच त्या वस्तीत तिच्या घरी गेलो. आईनं शेवया पुढे ठेवल्या आणि म्हणाली, "बाई, तिनं कॉलेजची पुस्तकं अजून टाकू दिली नाहीत. कपाट भरलंय." यास्मिन आईकडे डोळे वटारून बघत होती.

"शेवटच्या दिवशी काय झालं, बाळ?"

"लास्ट डेला काहीच नाही झालं, मिस. अकाउंट्सचा क्लास होता, नॉर्मल. मग नेक्स्ट वीक रजिस्ट्रेशन. एन.ओ.सी. पाहिजे होतं. फर्स्ट टाइम बॉस को पूछा तो ही सेड, ओके, बट लास्ट टाइम, खलास. अब सेकंड टाइम कैसे पूछूँ? आय फेल्ट सो शाय."

मॅडमचं लिहिणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली शेवयांच्या बशीत पाहिलं.

पुढचे तीन महिने तेच ऐकत गेलो. सगळ्यांचं कारण ते नव्हतं. कुणी नापास झालं होतं, कुणाचं लग्न ठरलं होतं, काही जण खरंच परत गेले होते. पण पुन्हा पुन्हा ते पत्र येई. कुणाचा मालक रागीट, कुणाचा मालक चांगला आणि चांगल्या माणसाला दुसऱ्यांदा त्रास कसा द्यायचा हा संकोच. अभ्यासाला न घाबरलेली माणसं एका सहीला घाबरून थांबली होती, आणि ती सही दर सेमिस्टरला मागणारे आम्हीच होतो, माझ्याच खिडकीतून. नियम जुना होता. तो कशासाठी केला हे कुणालाच आठवत नव्हतं.

दुसरा अहवाल चार पानांचा झाला. मागणी एकच, की प्रवेशाच्या वेळी पूर्ण दोन वर्षांसाठी एकदाच पत्र घ्या, पुन्हा मागू नका. मंडळानं एका वर्षापुरतं कबूल केलं. संध्याकाळचे वर्ग राहिले. ते वर्ष संपल्यावर बंद करण्याचा विषय कुणी काढलाच नाही, कारण दुसऱ्या सेमिस्टरलाही खुर्च्या बऱ्याच भरलेल्या होत्या. यास्मिन तिसऱ्या रांगेत बसायची.

राहता राहिले मी. मलाही पुन्हा नाव घालायला आता एक पत्र लागणार होतं आणि ते त्याच रजिस्ट्रार साहेबांकडून. मी मॅडमच्या मागे लागले, "तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ते ऐकतात."

"मी मागितलं तर मला मिळेल," त्या म्हणाल्या. "तुझं तूच मागायला हवंस. मी बाहेर बाकावर बसते."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. आजवर एवढं केलं आणि आता एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणतात! पण त्या उठून चालू लागल्या, मग मला जावंच लागलं. बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि मला हातानं दार दाखवलं.

रजिस्ट्रार साहेबांनी कागद वाचला. "अगेन, फिलोमिना? यू वॉन्ट टु बिकम प्रोफेसर?" आवाज तोच. बाहेरचं टायपिंग थांबलेलं मला ऐकू आलं.

"नो सर," मी म्हटलं. "आय वॉन्ट टु फिनिश."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली आणि कागद परत देताना आवाज खाली आणून म्हणाले, "यल्ला, फिनिश इट. इन्शाल्ला." मला इतकी वर्षं ज्याची भीती वाटत होती तो माणूस हा होता.

मी बाहेर आले तर मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते घाम पुसल्यासारखं पुसलं. आम्ही एसीत होतो.

इथे लेख संपवता आला असता, पण मग मॅडमची एक मुख्य गोष्ट राहून जाईल. संख्याशास्त्राचा पेपर त्यांच्याकडे होता आणि त्यांनी मला त्यात सरळ नापास केलं. दोन गुणांनी! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा पेपर आणि स्वतःच्या हातचं भरलेलं पापलेट, दोन्ही माझ्या टेबलावर ठेवलं. "मासे घे आणि पेपर पुन्हा सोडव." पुढचे कितीतरी शुक्रवार मिस्सा झाल्यावर त्यांनी मला घरी बसवून शिकवलं, तेवढा वेळ बेनेडिक्ट मुलांना सांभाळायचा. दुसऱ्या वेळी मी पास झाले, स्वतःच्या गुणांनी झाले, आणि ते दोन गुण त्यांनी मला फुकट दिले नाहीत याबद्दल मी आज त्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे.

पदवीदानाला काळा गाऊन घातला तेव्हा माझी मोठी म्हणाली, "मम्मा, यू लुक लाइक अ नन." बेनेडिक्ट हॉटेलातून रजा काढून आला होता आणि टाळ्या वाजवून त्याचे हात लाल झाले होते. समारंभानंतर मी मॅडमना शोधत गेले. मला वाटलं, आता त्या मला जवळ घेतील. घेतलंही, घट्ट घेतलं. मग माझ्या खांद्यावरचा हात न काढता त्यांनी विचारलं, "तुझ्याबरोबर ज्यांनी सुरुवात केली, त्यांतलं आज इथे कोण नाही?"

मी नावं सांगत गेले. सात जण होते. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे मला ती नावं लिहायला लावली. "हे आता तुझं काम," म्हणाल्या.

पुढे मॅडम आणि साहेब भारतात परतले. मी शारजातच राहिले, बढती मिळून खिडकीच्या आतल्या खोलीत गेले, आणि त्या सात जणांमागे लागले. मॅडमच्याच पद्धतीनं, का न विचारता. एकीनं त्याच कॉलेजात पुरं केलं. एकानं गावी जाऊन. दोघांनी चाळिशीनंतर पत्रद्वारे. पाचव्यानं गेल्याच वर्षी, मुलीबरोबर एकाच वेळी परीक्षा देऊन, आणि निकाल लागल्यावर पहिला फोन मॅडमना केला.

मॅडम, पंचाहत्तर वर्षं पुरी केलीत, फार चांगलं केलंत. देव तुम्हाला आणि साहेबांना ठणठणीत ठेवो, गुडघे कुरकुरू नयेत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत. डॉक्टरांनी सांगितलेलं फिरणं चुकवू नका आणि गोळ्या वेळेवर घ्या. आमच्या यादीतली दोघं अजून राहिली आहेत. त्यांतल्या एकाशी मी परवाच बोलले. विचार करतो, म्हणाला. त्याला वेळ लागेल, मॅडम, त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तोवर तुम्ही असायला हव्यात.